ऐकलेला अमेरिकन, भेटलेला अमेरिकन

अमेरिकेबद्दल आपल्याकडे दोन समज घट्ट बसले आहेत. तिथली माणसं कोरडी, आपल्यापुरतं पाहणारी. आणि तिथलं सरकार मात्र माणसाला काही कमी पडू देत नाही. प्रत्यक्षात गोष्ट जवळजवळ उलटी आहे. माणसं मदतीला तत्पर आहेत आणि कठोर आहे ती व्यवस्था.

‘मूल अठराचं झालं की त्याला घराबाहेर काढतात,’ हे वाक्य आपल्याकडे लग्नकार्याच्या पंगतीतही ऐकू येतं. अठराव्या वर्षी बरीच मुलं कॉलेजसाठी वसतिगृहात जातात, एवढं खरं. त्यांना कुणी घालवून दिलेलं नसतं. सुट्टीत ती घरी येतात आणि पुढे पगारात भाडं भागेनासं झालं तर राहायलाही परत येतात. १८ ते ३४ वयाच्या अमेरिकनांपैकी साधारण एक तृतीयांश आईवडिलांच्या घरी राहतात. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार १९७१ मध्ये ७ टक्के लोक प्रौढांच्या दोन किंवा अधिक पिढ्या असलेल्या घरात राहत होते. २०२१ मध्ये हे प्रमाण १८ टक्क्यांवर गेलं, म्हणजे जवळपास सहा कोटी माणसं. घरांच्या किमती, म्हाताऱ्यांची देखभाल, नातवंडांचा सांभाळ ही त्यामागची कारणं आपल्याला परकी वाटू नयेत.

घटस्फोटाचंही तसंच. १९८० च्या सुमारास दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला पाचांहून अधिक घटस्फोट होत. २०२२ मध्ये हा आकडा २.४ होता. लग्नंच कमी झाली हे त्याचं एक कारण आहे, ती उशिरा आणि विचारपूर्वक होतात हे दुसरं. आपल्या मनातली अमेरिका मात्र अजून त्या जुन्या आकड्यावरच थांबली आहे.

हॉलिवूडच्या चित्रपटांतून दिसणारा स्वैर समाजही गावोगावी आढळत नाही. दारू पिण्याचं किमान वय २१ आहे. १९८४ च्या कायद्याने सगळ्या राज्यांना त्या रांगेत आणलं. जॅक डॅनियल्स ही जगप्रसिद्ध व्हिस्की टेनेसीतल्या ज्या मूर परगण्यात बनते, तो परगणा आजही कागदोपत्री दारूबंदीचा आहे. बंदुका खूप आहेत, नागरिकांच्या संख्येहून जास्त. पण प्रौढांपैकी साधारण एक तृतीयांशच लोक बंदूक बाळगतात.

आता कोरडेपणाबद्दल, कारण हा समज मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. अमेरिकेतल्या अग्निशामक जवानांपैकी सुमारे ६५ टक्के स्वयंसेवक आहेत. दिवसभर दुकान किंवा शेत सांभाळायचं आणि भोंगा वाजला की शेजाऱ्याच्या घराची आग विझवायला धावायचं, अशा माणसांवर लहान गावांची सुरक्षा उभी आहे. घरात आजारपण असो, बाळंतपण असो वा मृत्यू, शेजारी आपसात दिवस वाटून घेऊन जेवण पोहोचवतात. एका जनगणना पाहणीनुसार २०२३ च्या आसपासच्या वर्षभरात निम्म्याहून अधिक प्रौढांनी शेजाऱ्यांना काही ना काही मदत केली होती.

हे मराठी माणसाला तर फार आधी कळलं होतं. पत्नी आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी गोपाळराव जोशींनी लिहिलेलं पत्र एका मिशनरी नियतकालिकात वाचून न्यू जर्सीच्या रोझेल गावातल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी आपणहून पत्र पाठवलं. ओळख ना पाळख, पण १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या त्या याच बाईंच्या आधाराने. आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला आहे. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्यांनी १८८९ मध्ये अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं. त्यात त्या समाजाचं भरभरून कौतुक आहे आणि काळ्या लोकांना व मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीवर टीकाही आहे. दोन्ही बाजू त्यांना दिसल्या होत्या. अनोळख्याला मिळणारी ऊब तिथे सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. घर विकताना आणि भाड्याने देताना वंश पाहण्यावर बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९६८ मध्ये आला, एवढा उशीर त्या देशाने केला.

‘हसतात, पण जवळ येत नाहीत,’ ही तक्रार काहीशी खरी आहे. बसथांब्यावर मनमोकळं बोलणारा माणूस तुम्हाला घरी बोलावेलच असं नाही. १९५० च्या दशकात दर पाच अमेरिकनांपैकी एक जण दरवर्षी घर बदलत असे. सतत नव्या वस्तीत जाणाऱ्या समाजाने पहिली ओळख सोपी ठेवली आणि दाट मैत्रीला वेळ दिला, असं मला वाटतं. त्या हसण्याला खोटं म्हणणं मात्र चूक आहे.

व्यवस्थेचा कठोरपणा पाहायचा तर बाळंतपणाची रजा पाहावी. १९९३ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी. पगारी रजा काही राज्यांनी स्वतःहून दिली, पण देशभर तिचा हक्क नाही. आपल्याकडे संघटित क्षेत्रात २०१७ पासून २६ आठवडे पगारी रजा आहे. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर अडकलंय. टिपवर जगणाऱ्या वेटरसाठी तर मालकाने द्यायची केंद्राची किमान रक्कम १९९१ पासून २.१३ डॉलर आहे, म्हणून हॉटेलात टिप ठेवणं ही तिथे चैन नाही, कुणाचा तरी पगार आहे. २०२३ मध्ये सरकारी व्याख्येनुसार साडेतीन कोटींहून अधिक लोक गरीब होते आणि सुमारे अडीच कोटींकडे आरोग्यविमा नव्हता.

मुलांकडे काही महिन्यांसाठी जाणाऱ्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवावं. शेजाऱ्यांची भीती बाळगू नका, आपणहून ओळख काढा, ते बोलतील आणि अडल्यावेळी गाडीतून दवाखान्यातही नेतील. पण ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर ही सरकारी योजना पाहुण्यांना लागू नाही आणि एका रात्रीच्या इस्पितळाचं बिल हजारो डॉलरवर जाऊ शकतं. तेव्हा प्रवासाचा आरोग्यविमा, आधीपासूनच्या आजारांबाबतच्या अटी नीट वाचून, निघण्यापूर्वी काढाच.