साप चावला तर मोबाईल ठेवा, आधी दवाखाना गाठा

पाऊस सुरू झाला की पन्हाळा तालुक्यात भातलावणी, ऊस, गवत कापणी या कामांबरोबर सापही दिसू लागतात. आणि आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साप चावल्यावर काय करायचं याचे व्हिडीओ फिरायला लागतात. कुणी ब्लेडने चीर द्यायला सांगतो, कुणी तोंडाने विष ओढायला, कुणी घट्ट दोरी आवळायला. खाली ‘सवाब समजून पुढे पाठवा’ असंही लिहिलेलं असतं. पाठवणाऱ्याची नियत चांगलीच असते, पण हे तिन्ही उपाय नुकसान करतात. चीर दिल्याने रक्तस्राव वाढतो, घट्ट बांधल्याने हातापायाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि या सगळ्यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही.

मण्यारचंच बघा. हा साप बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दुखत नाही, सूज नाही, कधीकधी दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, गिळायला त्रास होतो, पापण्या जड होतात. आता ‘पोटदुखी आणि उलटी’ असं मोबाईलवर शोधलं तर काय सापडणार? ॲसिडिटी, नाहीतर शिळं खाल्ल्याचा त्रास. मोबाईलला आपण जे सांगू तेवढंच कळतं, आणि साप चावल्याचं तर आपल्यालाच माहीत नसतं. डॉक्टर मात्र विचारतो, रात्री कुठे झोपला होता? पापण्या उचलून बघतो, श्वास तपासतो. या विषाने श्वास बंद पडू शकतो. म्हणून पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पोटदुखीबरोबर पापण्या मिटत असतील तर थेट दवाखाना. लहान मुलांच्या बाबतीत तर एक मिनिटही थांबू नका.

घोणस आणि फुरशाचं विष वेगळं, ते रक्त गोठू देत नाही. ते ओळखायची तपासणी अगदी साधी आहे. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष भिनलंय. ही तपासणी कुठल्याही ॲपमध्ये होत नाही.

सर्पविषावरची लस ऑनलाईन मागवून घरी ठेवावी का, असंही काही जण विचारतात. नाही. ती शिरेतून द्यावी लागते, आणि तिची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ती सांभाळायची तयारी जवळ लागते. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर आहे. घाटातल्या हिरव्या चापड्यासाठी ती बनवलेली नाही. द्यायची की नाही, किती द्यायची, हे डॉक्टरच ठरवतो. लहान मुलाला डोस कमी नसतो, मोठ्या माणसाइतकाच असतो. विष साप तेवढंच सोडतो ना!

सन 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असं 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचं अनुमान आहे. बहुतेक मृत्यू खेड्यातले.

दम करून घ्यायला, दुआ मागायला कुणाची ना नाही. गाडी कोल्हापूरकडे धावत असतानाही दुआ होते. फक्त त्यासाठी गाडी थांबवू नका.

चावलेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, त्या हातावर बांधलेला तावीज काढून घ्या, सूज आल्यावर तो रुतेल. माणसाला चालवू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. तिथून गरज पडली तर सीपीआरला पाठवतात. साप मारायच्या, पकडायच्या मागे लागू नका. किती वाजता चावला, नंतर काय काय खाल्लं, कुठली मुळी लावली, हे डॉक्टरांना न लाजता सगळं सांगा. बरं वाटलं म्हणून लगेच घरी न्यायचा हट्ट नको, निदान 24 तास तरी तिथेच देखरेखीखाली राहू द्या.