रखवालदाराच्या वेतनाची जबाबदारी कोणाची?

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साहून आपण घरी परततो, तेव्हा इमारतीचे फाटक उघडणारा रखवालदार जागाच असतो. त्याची पाळी पुष्कळदा बारा तासांची असते. त्याला वेतन किती मिळते, असे कोणी विचारल्यास आपण सहज म्हणतो, ‘ते एजन्सी पाहते.’ हे उत्तर पुरेसे आहे काय?

१८९१ साली पोप लिओ तेरावे ह्यांनी ‘रेरुम नोवारुम’ ह्या परिपत्रकात स्पष्ट केले की, उभयतांच्या संमतीने ठरले एवढ्यानेच वेतन न्याय्य होत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा त्यातून चरितार्थ चालला पाहिजे. नव्वद वर्षांनी, १९८१ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’मध्ये ‘अप्रत्यक्ष मालक’ ही संकल्पना मांडली. कामगाराशी थेट करार नसला, तरी त्या कराराच्या अटी ज्यांच्यामुळे घडतात, तेही नैतिकदृष्ट्या जबाबदार ठरतात.

योगायोग असा की, त्याच १९८१ सालच्या अधिनियमाने महाराष्ट्रात खाजगी सुरक्षारक्षकांना संरक्षण दिले. सुरक्षा रक्षक मंडळ नोंदणीकृत रक्षक पुरविते. मालक वेतन व अधिभार मंडळाकडे भरतो आणि मंडळ रक्षकाला वेतन देते. मध्ये ठेकेदार उरत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनुसार किमान वेतनाहून कमी पगार देता येत नाही व जादा कामास दुप्पट दर द्यावा लागतो. ठेकेदाराने वेतन न दिल्यास, ज्या आस्थापनेत कामगार राबतो तिच्या मालकावर ती जबाबदारी येते.

खरी मेख दरपत्रकात असते. वार्षिक सभेत सर्वांत स्वस्त दरपत्रक एकमताने मंजूर होते. परंतु किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि साप्ताहिक सुटीतील बदली रक्षक ह्यांची बेरीज त्या आकड्याहून अधिक असेल, तर ती तूट कोण सोसणार? एजन्सी आपला नफा सोडीत नाही. घास कमी होतो तो रखवालदाराच्या मुलांचा.

म्हणून सोसायटीच्या, शाळेच्या वा चर्चच्या समितीवर काम करणाऱ्या धर्मग्रामस्थांनी दरपत्रकात प्रत्येक बाब स्वतंत्रपणे मागावी. रक्षकाच्या बँक खात्यात जमा झालेले वेतन व निधीचा भरणा पाहूनच एजन्सीचे बिल चुकते करावे. त्यापायी देखभाल वर्गणी थोडी वाढली, तर ती आनंदाने द्यावी.

मजुरी अडवून ठेवणाऱ्या धनिकांना याकोबाने आपल्या पत्रात खडसावले आहे. ते वाचन चर्चमध्ये ऐकताना आपल्या फाटकावरचा माणूस आपल्याला आठवावा.