सबमिशन : इच्छा नाही, वेळ ठरवा!

सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या हॉस्टेलचे दिवे पहाटेपर्यंत विझत नाहीत. काचेखाली दिवा लावून शीटची जीटी मारणं आता जुनं झालं. हल्ली एकाच्या असाइनमेंटचे फोटो फोनवर फिरतात आणि अख्खा मजला ते छापतो.

सर म्हणतात, मुलं आळशी आहेत. मला हे पटत नाही. रात्रभर जागून तीस पानं उतरवणारा आळशी कसा? खरा घोळ वेगळाच आहे. 'या आठवड्यात करू' असं आपण ठरवतो, पण कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे बसून, हे ठरवतच नाही.

पीटर गोलविट्झर आणि वेरोनिका ब्रांडश्टेटर या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. नाताळची आदली संध्याकाळ कशी घालवली, यावर विद्यार्थ्यांनी पुढच्या दोन दिवसांत टिपण लिहायचं होतं. ऐन सुट्टीतला गृहपाठच म्हणा ना! निम्म्यांकडून कधी आणि कुठे बसून लिहिणार ते आधीच लिहून घेतलं. त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी टिपण वेळेत लिहिलं. बाकीच्यांपैकी जेमतेम एक-तृतीयांश! कारण सोपं आहे. ठरलेली वेळ आणि जागा आली की काम आपोआप आठवतं, 'करू की नको' हा वाद मनात उरत नाही.

म्हणून वहीत असं लिहा : 'मंगळवारी मेसवरून आल्यावर, रीडिंग रूममध्ये, बीमचं पहिलं गणित.' सगळी असाइनमेंट नको, एकच गणित. आधी फक्त सपोर्टच्या रिअ‍ॅक्शन काढा. तेवढं झालं की पेन सहसा थांबत नाही. अडलात तर रूम पार्टनरला जरूर विचारा, पण त्याची वही मागू नका, पुढची पायरी विचारा. छापलेल्या वहीवर टर्मवर्कचे मार्क मिळतीलही. पण शिअर फोर्स शून्य होतो तिथेच बेंडिंग मोमेंट कमाल का, असं एक्स्टर्नलने ओरलला विचारलं की गाडी अडते. पुढे पेपरला केटी लागते ती वेगळीच.

सरांना एक विनंती. तासाची शेवटची पाच मिनिटं द्या. पहिलं गणित वर्गातच सुरू करू द्या आणि उरलेलं कधी करणार ते आमच्याकडून लिहून घ्या. सेमिस्टरच्या शेवटी शंभर सह्या एकदम करण्यापेक्षा दर आठवड्याला एकेक गणित तपासा. आम्हाला ओरडा खायला हरकत नाही, फक्त तो वेळेवर मिळू द्या!