नवी बॅटरी घेण्याआधी

‘सेल्फ मारला की नुसतं टक् वाजतं, म्हणजे बॅटरी गेली.’ मोटरसायकलवाल्यांचा हा सगळ्यात महागडा समज. ते टक् स्टार्टर रिलेचं असतं. रिलेला थोडा करंट पुरतो, स्टार्टर मोटरला त्याच्या कित्येक पट लागतो. तो मिळत नसेल तर बॅटरी उतरलेली असू शकते. पण टर्मिनल सैल असेल, त्यावर पांढरट-हिरवट थर बसला असेल किंवा अर्थिंगची वायर गंजली असेल, तरी लक्षण तेच. पावसाळ्यानंतर तर आधी तिथेच पाहावं. पाना आणि पॉलिश पेपर एवढ्यावर काम भागतं.

‘हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी ठणठणीत.’ हेही खरं नाही. हॉर्न फार थोड्या करंटवर वाजतो. साधा मल्टिमीटर आणा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या 12 व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर 12.6 ते 12.8 दिसलं तर ती पूर्ण भरलेली आहे. 12 च्या आसपास असेल तर जवळपास रिकामी. आकडा चांगला असला तरी मीटर लावून ठेवून सेल्फ मारा. चार्ज केलेली बॅटरी तेव्हा साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर ती खरोखरच संपत आली आहे.

‘नवी बॅटरी महिन्याभरात बसली, दुकानदारानं गंडवलं.’ दरवेळी नाही. बॅटरी स्वतः वीज तयार करत नाही. इंजिनाबरोबर फिरणारा मॅग्नेट आणि स्टेटर कॉइल मिळून एसी वीज तयार करतात. रेग्युलेटर तिचं डीसी करून व्होल्टेज आवाक्यात ठेवतो. गाडी चालू करून चार-पाच हजार आरपीएमवर बॅटरीवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. 12.5 च्या पुढे काटा हलतच नसेल, तर कितीही बॅटऱ्या बदला, त्या बसणारच.

पुढचा शोधही अवघड नाही. थ्री-फेज गाड्यांत स्टेटरमधून तीन वायरी येतात, बहुधा पिवळ्या. कनेक्टर काढून इंजिन चालू करा आणि मीटर एसीवर ठेवून दोन-दोन वायरी तपासा. तिन्ही जोड्यांत सारखं व्होल्टेज यावं आणि रेसबरोबर वाढावं. इंजिन बंद करून यातल्या कुठल्याही वायरीची बॉडीशी कंटिन्युइटी तपासा. ती मिळाली तर कॉइल जळली. कॉइल ठीक असेल तर संशय रेग्युलेटरवर किंवा त्याच्या वितळलेल्या कनेक्टरवर. उलट, व्होल्टेज 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटरनेच हात टेकलेत: बॅटरी फुगते, सडक्या अंड्यासारखा वास येतो.

‘चालू गाडीची बॅटरीची वायर काढायची, बंद पडली तर चार्जिंग नाही.’ ही जुनी गॅरेजविद्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीवर मुळीच वापरू नका. बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू जाऊ शकतो.

रोज पाच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवण्यानंही फारसं साधत नाही. आयडलला चार्जिंग कमी असतं, आणि एप्रिल 2017 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना कायम पेटलेलाच असतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

नवी बॅटरी घ्यावीच लागली, तर पैसे देण्याआधी मेकॅनिकला रेसवरचं व्होल्टेज मीटरवर दाखवायला सांगा.