इंपॅक्ट

रोमन लिपीचा एक अतिठळक, आवळ आणि सेरिफविरहित (रेषांच्या टोकांना आडवे फाटे नसलेला) शीर्षक-टाइप. जेफ्री ली या इंग्रज आकल्पकाने त्याची रचना केली व शेफील्ड येथील स्टीव्हन्सन ब्लेक या टाइप ओतणाऱ्या संस्थेने १९६५ मध्ये तो धातूच्या खिळ्यांच्या रूपात विक्रीस आणला.

सेरिफविरहित छापील अक्षरे इंग्लंडमध्ये १८१६ च्या सुमारास विल्यम कॅझलन (चौथा) याच्या नमुनापुस्तकात प्रथम आली. त्यांची ठळक व आवळ रूपे एकोणिसाव्या शतकातील भित्तिपत्रकांत रूढ झाली. १९५४ मध्ये स्विस आकल्पक वॉल्टर हेटनश्वायलर याने प्रसिद्ध केलेल्या ‘श्माल्फेटे ग्रोटेस्क’ या अक्षरमालेमुळे त्यांना पुन्हा मागणी आली. परंतु तिच्यात केवळ मोठी अक्षरे होती. १९६३ मधील ‘कॉम्पॅक्टा’ आणि त्यामागोमाग आलेला इंपॅक्ट हे याच मागणीचे फळ होय.

दिलेल्या जागेत कागदावर जास्तीत जास्त शाई उतरावी, हे या टाइपच्या रचनेचे सूत्र आहे. उभ्या रेषा अतिशय जाड असून आडव्या रेषा त्या मानाने बारीक आहेत. ‘ओ’सारख्या गोल अक्षरांच्या बाजू सरळ केल्या आहेत, त्यामुळे अक्षरे एकमेकांना जवळजवळ खेटून बसतात. अक्षरांच्या पोटातील पोकळी अरुंद फटीएवढीच उरते. लहान अक्षरांचा मुख्य भाग मोठ्या अक्षरांच्या मानाने बराच उंच आहे. वर जाणारे फाटे आखूड आणि खाली उतरणारे त्याहूनही आखूड आहेत. परिणामी त्याच मापाच्या खिळ्यावर अक्षर मोठे बसते व शीर्षकाच्या ओळी एकमेकींना भिडवून लावता येतात. देवनागरीत ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही. शिरोरेषेवरील वेलांटी व मात्रा आणि खालील उकार यांना जागा सोडावीच लागते.

गुण तोच दोषही ठरतो. लहान मापात पोटातील फटी शाईने बुजतात आणि शब्द काळ्या पट्ट्यासारखा दिसू लागतो. म्हणून सलग मजकुरासाठी हा टाइप निरुपयोगी असून शीर्षके, जाहिराती व भित्तिपत्रके हेच त्याचे खरे क्षेत्र होय. तेथेही दोनचार शब्दांपलीकडे तो वापरणे इष्ट नाही.

छायाजुळणी व घासून उमटविण्याची अक्षरे यांनी धातूच्या खिळ्यांना मागे सारण्याच्या काळात आलेला हा टाइप अल्पजीवी ठरला असता. त्याचा खरा प्रसार मात्र संगणकामुळे झाला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९६ मध्ये आंतरजालासाठी विनामूल्य दिलेल्या अक्षरसंचांत मोनोटाइप कंपनीकडील इंपॅक्टचा समावेश होता, व पुढे तो विंडोज प्रणालीबरोबरच मिळू लागला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी छायाचित्रावर विनोदी ओळ छापण्याची ‘मीम’ ही पद्धत रूढ झाली, तीत काळ्या किनारीचे पांढरे इंपॅक्ट अक्षर जणू ठरूनच गेले. याचे कारण केवळ सुलभता नव्हे. किनार काढल्यावर बारीक अक्षराचा देहच उरत नाही. इंपॅक्टची रेषा इतकी जाड आहे, की किनार वजा जाऊनही भरपूर पांढरा भाग शिल्लक राहतो आणि पार्श्वभूमी उजळ असो वा गडद, अक्षर वाचता येते. शाईच्या काळेपणासाठी आखलेले हे अक्षर अशा रीतीने पांढऱ्या रूपातच सर्वाधिक पाहिले गेले.