रकान्यात न बसलेली माणसं

पुण्यात बंद रस्ता खुला करायचं निघालं की आधी नकाशे बाहेर येतात. विकास आराखड्यात रस्ता दाखवलेला असेल तर वाद फार टिकत नाही. कोथरूडच्या बाजूचा आमचा रस्ता मात्र लेआउटमधला. दिवे महापालिकेचे, ड्रेनेज महापालिकेचं, डांबरही तिचंच. गेट तेवढं सोसायट्यांचं. ‘सरकारी डांबराला खासगी कुलूप कसं?’ हा पलीकडच्यांचा सवाल बिनतोड होता. आतल्यांचं म्हणणं एकच: पोरं कुठे खेळणार?

शेवटी वाहनांची मोजणी ठरली. एक मुलगा चौकात बसला, दुसरा गेटपाशी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर पॅड. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. चार उभ्या रेघा, पाचवी तिरकी. मी गेटपाशी थांबलो. गेट बंद असलं तरी कडेला हातभर फट होती आणि तिच्यातून दुचाक्या आरसे सांभाळत सटासट निघत होत्या. म्हणजे रस्ता बंद होता तो फक्त मोटारींना. हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं, निवेदनात मात्र कुणीच लिहिलं नव्हतं.

या रेघांचं पुढे गणित होतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत मोटार म्हणजे 1. दुचाक्या एकूण वाहनांच्या दहा टक्क्यांवर गेल्या की प्रत्येकीला 0.75, तशाच गर्दीत रिक्षाला 2, बसला 3.7. सायकललासुद्धा अर्धा वाटा मिळतो. दुधाची पिशवी घेऊन ओलांडणाऱ्या आजींना त्या कागदावर रकानाच नव्हता. पायी चालणाऱ्यांची मोजणी वेगळी करता येते, पण ती मागितलीच नव्हती. ‘पोरं, पोरं’ म्हणणाऱ्यांनीही नाही. माझ्या मते आतले हरले ते इथेच.

बैठकीत आवाज चढले. ‘बाहेरच्या गाड्या’ हा शब्द तिसऱ्यांदा आला तेव्हा पलीकडच्या एक काकू उठल्या: ‘अहो काका, मंडईला जाताना तुम्ही आमच्याच गल्लीतून जाता ना? आम्ही कधी अडवलं?’ काका गप्प. वाहतूक शाखेच्या साहेबांनी तेवढ्यात मधला मार्ग काढला: प्रायोगिक तत्त्वावर एकेरी वाहतूक, जड वाहनांना बंदी, दोन गतिरोधक, आणि हरकती-सूचना लेखी द्या.

गतिरोधकाचंही माप ठरलेलं असतं. ताशी 25 किलोमीटरने पार करायचा गोल उंचवटा 3.7 मीटर रुंद आणि मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे गाडी अलगद चढते-उतरते. आमच्याकडे रात्रीत दोन आखूड, उभट ढिगारे उगवले, पांढऱ्या पट्ट्यांविना. मोटारीचं पोट घासतं आणि मागे बसलेल्याची कंबर बोलते.

हरकतींचे अर्ज आता येताहेत. गेटबद्दलचे थोडे आहेत. गतिरोधक काढा म्हणणारे दोन्ही बाजूंचे.