सूर्यासमोर फोटो काढताना हिरवा ठिपका का येतो? जाणून घ्या 'लेन्स फ्लेअर' टाळण्याचे सोपे उपाय

जुहू चौपाटीवर विसर्जनाची संध्याकाळ. मागे समुद्रावर कललेला सूर्य, पुढे बाप्पाची मूर्ती. फोटो छान येतो, पण नेमका मूर्तीच्या मुखावर एक हिरवट ठिपका! निरोपाचा तो क्षण पुन्हा टिपता येत नाही. म्हणून हा ठिपका येतो कुठून, हे आधीच माहीत असलेले बरे.

नेमके काय होते?
मोबाइलच्या कॅमेऱ्यात एकामागे एक अशा अनेक छोट्या लेन्स असतात. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. लेन्सवरच्या कोटिंगमुळे हे प्रमाण बरेच घटते, पण शून्य होत नाही. सूर्य इतका प्रखर असतो, की उरलेसुरले परावर्तनही फोटोत उमटते. हाच 'लेन्स फ्लेअर'.

काय कराल?
• आधी लेन्स मऊ, स्वच्छ कापडाने पुसा. बोटांच्या तेलकट डागांमुळे प्रकाश पसरतो आणि फोटो धुरकट होतो.
• सूर्य फ्रेममध्ये वर डावीकडे असेल, तर ठिपका बहुतेकदा खाली उजवीकडे, तेवढ्याच अंतरावर पडतो. मोबाइल किंचित हलवून तो मुखावरून बाजूला न्या.
• सूर्य फ्रेमच्या बाहेर असेल, तर लेन्सवर तळहाताची सावली धरा.
• सूर्य फ्रेममध्येच असेल, तर दोन पावले सरकून त्याला मूर्तीआड घ्या.

ठिपका फोटो काढण्याआधीच स्क्रीनवर दिसतो. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी एकदा नीट पाहा; मात्र सूर्याकडे नव्हे, स्क्रीनकडे!